गरज कुणी ठरवायची?

'गरजवंताला अक्कल नसते' अशी आपल्याकडे म्हण आहे. अडलेला माणूस समोरचा घालेल त्या अटीला मान डोलावतो, एवढाच तिचा साधा अर्थ. पण इंग्लंडमधल्या वृद्ध आणि अपंग माणसांच्या सरकारी देखभालीचा इतिहास वाचायला लागले आणि वाटलं, इथल्या कायद्याने ही म्हण अगदी शब्दशः घेतली की काय! ज्याची गरज आहे त्याला ती नीट सांगता येत नाही, ती दुसऱ्याने येऊन मोजायची, आणि मोजणारा बहुतेक वेळा तोच, ज्याच्या खिशातून पैसे जाणार. मग मोजमाप चुकलंय असं वाटलं तर दाद कुणाकडे मागायची? या एका प्रश्नाच्या मागे लागून गेले काही महिने जुने कायदे आणि कोर्टाचे निकाल वाचते आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण भारतातल्या वाचकांना ही व्यवस्था ओळखीची नसेल. इंग्लंडमध्ये डॉक्टर आणि हॉस्पिटल सरकारी आरोग्यसेवेकडे. पण आंघोळ घालणं, कपडे चढवणं, जेवण देणं, रात्री उठून बाथरूमला नेणं ही कामं आरोग्यसेवेत सहसा धरत नाहीत. ती 'सोशल केअर'मध्ये येतात आणि त्यांची जबाबदारी स्थानिक कौन्सिलची. कौन्सिलचा माणूस घरी येतो, प्रश्न विचारतो, फॉर्म भरतो. याला म्हणायचं असेसमेंट. त्यावरून ठरतं की तुम्ही मदतीला पात्र आहात का, आणि असाल तर आठवड्याला किती तास. तुमच्याकडे पैसे किती आहेत याची तपासणी वेगळी, ती नंतर. आजचा विषय पहिल्या तपासणीचा, म्हणजे गरजेच्या मोजमापाचा.

हे मोजमाप आजचं नाही. १६०१ च्या गरीब कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशने (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने) आपापले गरीब, म्हातारे, पांगळे सांभाळायचे होते. त्यासाठी गावकऱ्यांकडून पट्टी गोळा व्हायची आणि 'ओव्हरसीअर' ती वाटायचा. ओव्हरसीअर गावातलाच, पट्टी भरणाराही गावातलाच, त्यामुळे हात आखडता. पण गंमत अशी की त्या काळात गरिबाला एक वाट होती. ओव्हरसीअरने नाही म्हटलं तर तो मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकत असे. मॅजिस्ट्रेट म्हणजे भागातलाच एखादा जमीनदार नाहीतर पाद्री, काही देवदूत नव्हे. तरी तो ओव्हरसीअरला बोलावून जाब विचारू शके आणि मदत द्या असा हुकूम काढू शके.

त्या काळातल्या गरिबांनी स्वतः लिहिलेली पत्रंही टिकून आहेत. पोटापाण्यासाठी दुसऱ्या गावी गेलेली माणसं आपल्या मूळ पॅरिशला पत्र लिहून मदत मागत. एसेक्स परगण्यातली अशी सातशेहून अधिक पत्रं थॉमस सोकोल या जर्मन अभ्यासकाने २००१ मध्ये पुस्तकरूपाने छापली. ऐकू येईल तसं स्पेलिंग, विरामचिन्हांचा पत्ता नाही. भाडं थकलंय, आजारपण आहे, पोरांच्या पायात जोडे नाहीत. ही पत्रं म्हणजे नुसती याचना नाही. त्यांत युक्तिवाद आहे. मला गावी परत आणून सांभाळायला तुम्हाला जास्त खर्च येईल, त्यापेक्षा आत्ता थोडे पाठवा, असा हिशोबही काही जण मांडतात. असेसमेंटवर हरकत घेणारी ही दोनशे वर्षांपूर्वीची पत्रंच म्हणायची!

१८३४ मध्ये हे चित्र पालटलं. नवा गरीब कायदा आला, पॅरिशचे गट बांधले गेले आणि 'वर्कहाउस' हीच गरजेची कसोटी ठरली. तत्त्व असं की वर्कहाउसमधलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही नकोसं असलं पाहिजे. म्हणजे जो तिथे यायला तयार होईल तो खरा गरजू, येणार नाही त्याला गरज नाही. मोजमाप करायलाच नको! आणि त्याच कायद्याने मॅजिस्ट्रेटचे अधिकारही छाटले. वयामुळे किंवा व्याधीमुळे अजिबात काम करू न शकणाऱ्यांपुरती एक चिंचोळी फट तेवढी ठेवली. दाद मागायचं दार इथे पहिल्यांदा बंद झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्याने गरीब कायदा रद्द झाल्याचं पहिल्याच कलमात जाहीर केलं. पण देखभालीची जबाबदारी राहिली स्थानिक कौन्सिलांकडेच. अपंगांसाठी सोयी करा असं त्यांना सांगितलं होतं खरं, पण अमुक माणसाला अमुक मदत मिळालीच पाहिजे असं त्यात नव्हतं.

ते आलं १९७० मध्ये, आणि तेही जवळजवळ नशिबाने. ब्रिटिश संसदेत खासगी विधेयक मांडण्यासाठी खासदारांच्या चिठ्ठ्या काढतात. १९६९ च्या सोडतीत पहिली चिठ्ठी निघाली मँचेस्टरच्या आल्फ मॉरिस यांची. वडील पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेले, त्यामुळे घरातलं अपंगत्व त्यांनी लहानपणीच पाहिलेलं. त्यांनी अपंग आणि दीर्घकाळ आजारी असलेल्यांसाठीचं विधेयक आणलं आणि मे १९७० मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, ते मंजूर झालं. त्याच्या दुसऱ्या कलमात यादीच आहे: घरकामाला मदत, रेडिओ-टीव्ही, घरात करायचे बदल, सुट्टीवर जाण्याची सोय, जेवण, टेलिफोन. आणि कौन्सिलची खात्री पटली की या माणसाला यांपैकी अमुक आवश्यक आहे, तर ते देणं हे कर्तव्य. मेख आहे ती 'कौन्सिलची खात्री पटली की' या शब्दांत. खात्री पटली नाही तर?

याचं उत्तर १९८६ मध्ये आणखी एका खासगी विधेयकाने द्यायचा प्रयत्न केला. टॉम क्लार्क या खासदाराचं ते विधेयक कायदा झालं. त्याचं तिसरं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. असेसमेंटच्या वेळी अपंग माणसाला आपलं म्हणणं मांडू द्यायचं, त्याच्या गरजा काय ठरल्या ते लेखी द्यायचं, आणि पटलं नाही तर त्याला फेरविचार मागता येईल. संसदेने मंजूर केलं, राणीची सही झाली. पण इथल्या कायद्यांत एक खुबी असते. काही कलमं मंत्र्याने वेगळा हुकूम काढल्याशिवाय लागू होत नाहीत. तिसऱ्या कलमाचा तो हुकूम कधी निघालाच नाही. १९९१ मध्ये सरकारने सांगूनच टाकलं की आम्ही ते लागू करणार नाही. दार बसवलं, पण कुलूप काढलं नाही.

दरम्यान १९९० चा कायदा आला. एखाद्याला देखभालीची गरज असू शकते असं दिसलं की असेसमेंट करणं कौन्सिलला बंधनकारक झालं. १९९३ पासून ते सगळीकडे सुरू झालं, आणि लगेच पहिली मोठी ठिणगी पडली. ग्लॉस्टरशरमध्ये मायकेल बॅरी नावाचे ७९ वर्षांचे गृहस्थ एकटे राहत. हृदयविकार, छोटे स्ट्रोक येऊन गेलेले, दृष्टी अधू, झिमर फ्रेम धरून चालायचे. त्यांना घरकामाला मदत मिळत होती: खरेदी, कपडे धुणं, साफसफाई. सप्टेंबर १९९४ मध्ये कौन्सिलचं पत्र आलं की केंद्राकडून येणारा पैसा २५ लाख पौंडांनी कमी झाला आहे, तेव्हा कपडे आणि साफसफाई यापुढे जमणार नाही. बॅरींची तब्येत सुधारली नव्हती. घर आपोआप स्वच्छ राहू लागलं नव्हतं. बदललं होतं ते फक्त कौन्सिलचं पाकीट. मग गरज कमी झाली असं म्हणता येईल का?

खालच्या कोर्टाने एवढं तरी सांगितलं की पुन्हा असेसमेंट केल्याशिवाय अशी सरसकट कात्री लावता येणार नाही. १९९६ मध्ये अपील कोर्टाने आणखी पुढे जाऊन बॅरींच्या बाजूने कौल दिला. पण मार्च १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरवला, तीन विरुद्ध दोन मतांनी. बहुमताचं म्हणणं असं की गरज ही पोकळीत मोजता येत नाही, ती भागवायला खर्च किती येतो आणि हाताशी किती आहे हे बघूनच गरजेची रेघ ओढावी लागते. अल्पमतातल्या लॉर्ड लॉइड यांचं म्हणणं उलटं: माणसाला काय हवं हे समाजाच्या सुसंस्कृतपणाच्या मापाने ठरतं, कौन्सिलच्या तिजोरीत काय आहे यावरून नाही.

इथे मी बराच वेळ थांबले. बहुमतातले न्यायमूर्ती काही निर्दय नव्हते. शंभर माणसं आणि साठ जणांपुरता पैसा, तर कुणीतरी निवड करणारच. आपल्या घरातही तेच होतं. पण 'पैसे नाहीत' हे सांगणं वेगळं आणि 'तुला गरजच नाही' हे सांगणं वेगळं. पहिल्यात माणसाचं नुकसान होतं, पण त्याचं दुःख खोटं ठरत नाही. शिवाय कमतरता कुणामुळे, हा प्रश्न जिवंत राहतो. दुसऱ्यात कमतरताच कागदावरून नाहीशी होते. साठ जण गरजू, उरलेल्या चाळीस जणांना गरज नाही, हिशोब चोख! सगळ्या इतिहासात मला हा शब्दांचा खेळ सगळ्यात जास्त टोचतो.

पुढे २००३ पासून या खेळाला अधिकृत पायऱ्याच मिळाल्या: अतिगंभीर, लक्षणीय, मध्यम, किरकोळ. कितव्या पायरीपासून मदत द्यायची ते प्रत्येक कौन्सिलने आपलं आपण ठरवायचं. म्हणजे घर बदलून शेजारच्या परगण्यात गेलात की गुडघे तेच, पण गरज नाहीशी होऊ शकायची! बर्मिंगहॅमने फक्त 'अतिगंभीर'वाल्यांनाच मदत करायचं ठरवलं, तेव्हा २०११ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला. कारण? अपंगांवर याचा काय परिणाम होईल याचा कौन्सिलने नीट विचारच केला नव्हता. कारण लक्षात घ्या. गरज किती, याला कोर्टाने हात लावला नाही. विचार केला की नाही, एवढंच पाहिलं.

२०११ चाच दुसरा निकाल जास्त गाजला. एलेन मॅक्डोनाल्ड एकेकाळच्या स्कॉटिश बॅलेमधल्या प्रमुख नर्तकी. १९९९ मध्ये स्ट्रोक आला, नंतर पडून हाड मोडलं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागे आणि कमोडपर्यंत जायला आधार लागे. जुलै २००७ च्या असेसमेंटमध्ये लंडनच्या केन्सिंग्टन अँड चेल्सी कौन्सिलने तसंच लिहिलं होतं: रात्री कमोड वापरण्यासाठी मदत. पुढे कौन्सिल म्हणाली, रात्रीच्या माणसाऐवजी पॅड वापरा. बाईंचा लघवीवर ताबा होता. नव्हता तो फक्त पायांवर. पण नंतरच्या आढाव्यांत गरज नव्या शब्दांत मांडली गेली. मुद्दा कमोडपर्यंत जाण्याचा राहिला नाही, रात्री सुरक्षित राहण्याचा झाला. आणि सुरक्षितता काय, पॅडनेही येते! सुप्रीम कोर्टात चार विरुद्ध एक असा निकाल कौन्सिलच्या बाजूने लागला. विरोधी मत एकट्या लेडी हेल यांचं. ज्याचा ताबा शाबूत आहे त्याला तो नसल्यासारखं वागवणं तर्कात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मे २०१४ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने बाईंना थोडा न्याय दिला. नोव्हेंबर २००८ ते नोव्हेंबर २००९ या काळापुरता त्यांच्या हक्काचा भंग झाला, कारण तोपर्यंत कागदावर जुनंच वाक्य उभं होतं आणि कौन्सिल त्याविरुद्ध वागत होती. भरपाई एक हजार युरो. वाक्य बदलल्यानंतरच्या काळासाठी काही नाही. एका वाक्याचं वजन किती असतं ते इथे दिसतं.

हे वाचल्यावर माझ्या ओळखीच्या एका काकूंची गोष्ट मला वेगळीच दिसायला लागली. काकू नाशिकच्या, इथे चाळीसेक वर्षं. काका गेल्यावर एकट्या. कौन्सिलची बाई आली तेव्हा काकूंनी पातळ बदललं, केस विंचरले, चहा केला, बशीत चकल्या ठेवल्या. स्वयंपाक? करते. आंघोळ? करते. जिने? चढते की. पुढच्या महिन्यात पत्र आलं: पात्र नाही. मी विचारलं, "काकू, आंघोळीला तुम्हाला तास लागतो, हे का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "अगं, दारात आलेल्या माणसापुढे काय रडगाणं गायचं? आणि करते म्हटलं ते खोटं थोडंच आहे?" खोटं नव्हतंच. पण इथल्या २०१४ च्या नियमांतच लिहिलंय की एखादी गोष्ट करताना फार वेदना होत असतील, खूप जास्त वेळ लागत असेल किंवा जिवाला धोका असेल, तर ती 'करता येत नाही' असंच धरायचं. आम्ही दोन आठवडे रोजची नोंद ठेवली. किती वाजता आंघोळीला गेल्या, किती वाजता बाहेर आल्या, कुठे तोल गेला. ती नोंद आणि डॉक्टरांचं पत्र जोडून लेखी तक्रार केली. दुसरं असेसमेंट झालं आणि सकाळची मदत मिळाली. संध्याकाळची मागितली होती, ती नाही मिळाली. ती का नाही, याचं कारण पत्रात अडीच ओळींत होतं.

आता त्या २०१४ च्या कायद्याविषयी, म्हणजे केअर अ‍ॅक्टविषयी. एप्रिल २०१५ पासून तो लागू आहे आणि त्याने बरंच चांगलं केलं. पात्रतेची रेघ सगळ्या इंग्लंडसाठी एकच झाली. दहा रोजच्या गोष्टींची यादी आहे. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे त्यांतल्या दोन किंवा जास्त जमत नसतील आणि त्याचा आयुष्यावर लक्षणीय परिणाम होत असेल तर तुम्ही पात्र. असेसमेंटची लेखी प्रत द्यायची, पात्रतेचा निर्णय कारणांसकट लेखी द्यायचा. स्वतः बोलणं कठीण असेल आणि सोबत कुणी नसेल तर स्वतंत्र मदतनीस द्यायचा. १९८६ च्या त्या निजलेल्या कलमातलं बरंचसं इथे जागं झालं म्हणा ना.

बरंचसं, सगळं नाही. याच कायद्याचं ७२ वं कलम अपिलाविषयी आहे. कौन्सिलच्या निर्णयांविरुद्ध अपील कसं करायचं याचे नियम सरकारने करावेत, अशी त्यात तरतूद आहे. २०१५ मध्ये मसुद्यावर लोकांची मतंही मागवली. त्यानंतर देखभालीच्या खर्चाला मर्यादा घालण्याची मोठी योजना पुढे पुढे ढकलली गेली, जुलै २०२४ मध्ये रद्दच झाली, आणि अपिलाचे नियमही तसेच राहिले. हे लिहिते आहे तोवर ते आलेले नाहीत. म्हणजे अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने संसदेने दोनदा दार बसवलं आणि दोन्ही वेळा कुलूप तसंच.

मग आज माणूस काय करतो? आधी कौन्सिलकडेच तक्रार. नंतर ओम्बुड्समन, जो कौन्सिलच्या कामात दोष होता का ते तपासतो. दोष नसेल तर निर्णय पटला नाही म्हणून तो बदलत नाही. आणि शेवटी हायकोर्ट, तेही तीन महिन्यांच्या आत, आणि तिथेही प्रश्न 'गरज किती' हा नसतोच, 'निर्णय कायद्याला धरून घेतला का' एवढाच असतो. ऑक्सफर्डशरच्या ल्यूक डेव्ही यांना सेरेब्रल पाल्सी होती, चोवीस तास मदत लागायची. आठवड्याचे १६५१ पौंड कमी करून ९५० केले गेले, तेव्हा त्यांनी नव्या कायद्याखाली दाद मागितली. २०१७ मध्ये अपील कोर्टात ते हरले. माणसाचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, पण शेवटचा शब्द कौन्सिलचा, हा त्याचा सारांश.

तुलना करायची तर अपंगांच्या सरकारी भत्त्याची करा. तो नाकारला तर स्वतंत्र ट्रिब्युनल आहे. एक न्यायाधीश, एक डॉक्टर, एक अपंगत्वाची जाण असलेला सदस्य. ते तुमचं ऐकतात आणि निर्णय स्वतः बदलू शकतात. तोच माणूस, तेच गुडघे. भत्त्यासाठी दाद आहे, आंघोळीसाठी नाही.

अशी सोय केली तर कौन्सिलांचं दिवाळं निघेल, असं म्हणणारे आहेत आणि त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण मग ते उघड म्हणावं. स्वतंत्र माणसाने गरज मोजली आणि कौन्सिल म्हणाली, मान्य, पण पैसे नाहीत, तर निदान कागदावर सत्य राहील. किती माणसांना किती कमी पडतंय याचा आकडा कुठेतरी दिसेल आणि तो संसदेला विचारता येईल. आज तो आकडा दिसत नाही, कारण ज्यांना मिळत नाही त्यांना गरजच नव्हती असं फाइलीत लिहिलेलं असतं.

दोनशे वर्षांपूर्वी एसेक्समधली म्हातारी ओव्हरसीअरला घेऊन मॅजिस्ट्रेटसमोर उभी राहू शकत होती. न्याय मिळेलच असं नाही, पण तिचं ऐकून ठरवणारा माणूस पट्टी वाटणारा नव्हता. आजच्या म्हातारीकडे तिच्यापेक्षा कितीतरी जास्त हक्क आहेत, लेखी कारणं आहेत, पात्रतेची यादी आहे. तो तिसरा माणूस तेवढा नाही. तो येईपर्यंत आपल्या हातात कागद आहे. असेसमेंटची प्रत मागून घ्या, त्यातलं प्रत्येक वाक्य वाचा, आणि एखादं चुकलं असेल तर आजच लेखी कळवा. कारण पुढचा सगळा वाद त्या वाक्यावरच चालणार आहे.